वंशद्वेषाचे बाळकडू : घर आणि शाळा यांची जबाबदारी

एखाद्या माणसाची पारख त्याच्या गुणांवरून न करता त्याच्या कातडीच्या रंगावरून, नाकाडोळ्यांच्या ठेवणीवरून किंवा तो कोणत्या वंशात जन्मला यावरून करणे, या वृत्तीस वंशविषयक पूर्वग्रह असे म्हणतात. ही वृत्ती जगातील अनेक राष्ट्रांच्या इतिहासात अनर्थास कारणीभूत झाली आहे. कायद्याने तिच्या उघड स्वरूपास आळा घालता येतो. परंतु तिचे बीज ज्या वयात व ज्या ठिकाणी पडते तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. ते वय म्हणजे तीन ते सात वर्षांचे बालपण आणि ती ठिकाणे म्हणजे घर व शाळा. म्हणूनच मूल हा पूर्वग्रह कसा शिकते, हे पालकांनी व शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पाहणे वेगळे, लेखणे वेगळे

पूर्वग्रह उपजत असतो, अशी एक समजूत प्रचलित आहे. शास्त्रीय अभ्यासाने या समजुतीस पुष्टी मिळत नाही. इंग्लंडमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, नवजात अर्भके कोणत्याही वंशाच्या चेहऱ्याकडे सारख्याच वेळ पाहतात. मात्र तीन महिन्यांची झाल्यावर ती आपल्या घरातील माणसांसारख्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहू लागतात. पुढील वर्षी इस्रायलमधील अभ्यासात असे दिसून आले की, ज्या अर्भकांच्या अवतीभवती दोन्ही वर्णांची माणसे वावरत होती, त्यांच्यात अशी निवड आढळली नाही. डोळ्यांना जे सवयीचे होते ते त्यांना ओळखीचे वाटते, एवढाच याचा अर्थ. त्यात तिरस्काराचा लवलेशही नसतो.

मूल रंग पाहते, त्यात दोष नाही. आंबा पिवळा आणि जांभूळ जांभळे हे ज्याला कळते, त्याला माणसांच्या वर्णातील फरकही कळणारच. परंतु एक रंग चांगला व दुसरा वाईट, एक जवळ करण्याजोगा व दुसरा दूर ठेवण्याजोगा, हा अर्थ त्या फरकाला चिकटतो तो मोठ्या माणसांच्या वागण्यातून. पाहणे हे डोळ्यांचे काम आहे. लेखणे हे शिकवणुकीचे फळ आहे.

बाहुल्यांची परीक्षा

ही शिकवणूक किती लवकर व किती खोल रुजते, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतील आहे. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली दिलेल्या एका निर्णयामुळे गोऱ्या व काळ्या नागरिकांसाठी सुविधा समान पण वेगळ्या ठेवणे कायदेशीर ठरले होते. प्रत्यक्षात समानता नावापुरती राहिली आणि वेगळेपणा मात्र पक्का झाला. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत व बहुधा त्या पडक्या, अपुऱ्या साधनांच्या असत.

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्य. त्यांनी 1940 च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांची एक साधी परीक्षा घेतली. मुलांपुढे चार बाहुल्या ठेवण्यात आल्या. दोन गोऱ्या व दोन तपकिरी. बाकी सर्व बाबतींत एकसारख्या. त्यांतील कोणती बाहुली खेळायला आवडेल, कोणती चांगली, कोणती वाईट दिसते, असे प्रश्न क्रमाने विचारण्यात आले. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडली. निम्म्याहून अधिक मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. शेवटी, तुझ्यासारखी दिसणारी बाहुली कोणती, असे विचारण्यात आले. जी बाहुली वाईट म्हणून आपण नुकतीच दूर सारली तीच आपल्यासारखी आहे, हे कबूल करण्याची वेळ आली तेव्हा काही मुले रडू लागली, तर काही खोली सोडून निघून गेली.

या मुलांना घरी कोणी स्वतःचा तिरस्कार करण्यास शिकविले नव्हते. वेगळी शाळा, वेगळा नळ, वेगळे बाक आणि गोऱ्या माणसासमोर खाली झुकणारी वडिलांची मान, एवढे पाहूनच ती आपली किंमत ठरविण्यास शिकली होती. पूर्वग्रहाचा हा परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तो ज्याच्याविरुद्ध असतो, त्याचे मूलही तो आत्मसात करते. क्लार्क दांपत्याचे कार्य पुढे न्यायालयापुढे आले आणि 17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, सरकारी शाळांतील वेगळेपणा राज्यघटनेस धरून नाही. केवळ वर्णावरून मुलांना अलग ठेवल्याने त्यांच्या मनात न्यूनत्वाची भावना निर्माण होते व ती कदाचित कधीच पुसली जात नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

घर : शब्दांवाचून दिलेले धडे

निर्णय झाला तरी घरे बदलली नव्हती. 14 नोव्हेंबर 1960 रोजी न्यू ऑर्लिअन्स शहरातील एका गोऱ्या मुलांच्या प्राथमिक शाळेत रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी दाखल झाली. तिच्या रक्षणार्थ केंद्र सरकारचे सशस्त्र अधिकारी बरोबर होते. फाटकाबाहेर आरडाओरडा करणाऱ्या जमावात अनेक माता होत्या. त्यांच्यापैकी एकीने लहानशा शवपेटीत काळी बाहुली ठेवून ती उंच धरली होती. गोऱ्या पालकांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. बार्बरा हेन्री या एकाच गोऱ्या शिक्षिकेने तिला शिकविण्याची तयारी दर्शविली आणि ते सारे वर्ष त्या एका वर्गात एक शिक्षिका व एक विद्यार्थिनी अशी शाळा चालली.

रुबी ब्रिजेस यांनी पुढे सांगितलेली एक आठवण पालकांनी ध्यानी धरण्यासारखी आहे. वर्षाच्या उत्तरार्धात त्यांना त्याच शाळेतील थोडी गोरी मुले भेटली. त्यांतील एका मुलाने, तुझ्या वर्णामुळे तुझ्याशी खेळू नकोस असे आईने सांगितले आहे, हे अगदी सहजपणे सांगून टाकले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आज्ञाधारक मुलाने आईचा निरोप पोहोचवावा, तसा तो निरोप होता. इतके दिवस चाललेला गोंधळ कशासाठी, हे सहा वर्षांच्या रुबीला त्या क्षणी उमगले. द्वेष एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसा जातो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

तथापि सर्वच घरांत असे उघड बोलले जाते असे नाही. अनेक सुशिक्षित पालक मुलांना समतेचे पाठ देतात आणि आपले कर्तव्य संपले असे मानतात. इटलीतील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एक गोरा व एक काळा माणूस यांच्या भेटीचे चित्रीकरण दाखविले. काहींत गोरा माणूस गोड बोलत होता, पण दूर बसून, नजर चुकवून, अवघडल्या देहाने. मुलांच्या मतावर परिणाम झाला तो त्या देहबोलीचा. गोड शब्दांचा नव्हे. मूल आईचे बोट धरून रस्त्याने चालत असता समोरून येणाऱ्या विशिष्ट माणसाला पाहून ते बोट घट्ट आवळले गेले, तर त्याला मिळालेला धडा कोणत्याही सुभाषितापेक्षा अधिक टिकाऊ ठरतो.

पालकांचीच मते मुले जशीच्या तशी उचलतात, असेही मात्र नाही. 2013 साली 131 अभ्यासांचा एकत्रित विचार करण्यात आला, तेव्हा पालक व मुले यांच्या पूर्वग्रहांत संबंध निश्चितपणे आढळला. पण तो मध्यम स्वरूपाचा होता. म्हणजे घराचा वाटा मोठा आहे, परंतु सर्वस्व नाही. शेजार, सवंगडी, चित्रपट, हाती आलेला मोबाइल आणि शाळा यांचेही वाटे आहेत. यात निराशेपेक्षा आशेला अधिक जागा आहे. घराने चुकीचे शिकविले असले तरी शाळेला ते दुरुस्त करण्यास वाव राहतो.

शाळा : पुस्तक, बाक आणि शिक्षकाचा शब्द

शाळा पूर्वग्रह दुरुस्त करू शकते, तशीच ती तो घडवूही शकते. दक्षिण आफ्रिकेत 1953 च्या कायद्याने काळ्या मुलांसाठी मुद्दाम हलक्या दर्जाचे वेगळे शिक्षण निर्माण करण्यात आले. त्या मुलांनी ठरावीक मजुरीपलीकडे आकांक्षा धरू नये, हा त्यामागील हेतू राज्यकर्त्यांनी लपविला नाही. 16 जून 1976 रोजी सोवेटो येथे, आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुलांनी काढलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. सर्व वंशांच्या मतदारांनी भाग घेतलेली 1994 सालची निवडणूक होईपर्यंत ती राजवट टिकली.

एवढी क्रूर योजना नसतानाही शाळेतून पूर्वग्रह शिकविला जातो, आणि तो मौनाने शिकविला जातो. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी 1965 साली मुलांच्या पुस्तकांची पाहणी प्रसिद्ध केली. 1962 ते 1964 या तीन वर्षांत निघालेल्या 5,206 पुस्तकांपैकी केवळ 6.7 टक्के पुस्तकांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. ज्याच्यासारखे कोणीही पुस्तकात नाही, ते मूल आपण जगाच्या हिशेबात नाही असे समजते. ज्याच्यासारखेच सर्वजण पुस्तकात आहेत, ते मूल जग आपल्याचसाठी आहे असे समजते. दोघांचेही शिक्षण अपुरे राहते.

शिक्षकाच्या शब्दाचे सामर्थ्य रिबेका बिगलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1997 सालच्या प्रयोगातून दिसून आले. उन्हाळी शाळेतील मुलांना निळे व पिवळे सदरे देण्यात आले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगांचा उल्लेखच केला नाही. तेथे विशेष काही घडले नाही. इतर वर्गांत शिक्षकांनी मुलांना रंगाच्या नावाने हाका मारल्या, रंगाप्रमाणे रांगा लावल्या. कोणत्याही रंगाची स्तुती वा निंदा केली नव्हती. तरीही थोड्याच आठवड्यांत मुले आपल्या रंगाचा गट अधिक चांगला असे म्हणू लागली. वर्गात मुलांचे कोणत्या नावाने गट पाडावेत, ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब किती महत्त्वाची आहे, हे यावरून ध्यानात येईल.

याहून प्रसिद्ध उदाहरण आयोवा राज्यातील राइसव्हिल या छोट्या गावचे. मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिल 1968 रोजी हत्या झाली. दुसऱ्या दिवशी जेन इलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले. एका गटास श्रेष्ठ ठरवून मधल्या सुटीचा जादा वेळ व इतर सवलती दिल्या. दुसऱ्यास पदोपदी कमी लेखले. पुढे गटांची अदलाबदल केली. काही तासांतच श्रेष्ठ ठरलेली मुले उद्दाम झाली आणि कालचे जिवलग मित्र एकमेकांस टोचून बोलू लागले. कमी लेखलेली मुले तर नेहमी येणारा अभ्यासही चुकू लागली. त्या वर्गातील सर्व मुले गोरीच होती. श्रेष्ठकनिष्ठपणा निर्माण करण्यास शिक्षकाचा एक शब्द पुरला. लहान मुलांना असा मनस्ताप देणे योग्य की अयोग्य, याविषयी तेव्हापासून वाद चालू आहे. म्हणून आपल्या शाळांनी या प्रयोगाचे अनुकरण करू नये. त्यातून निघणारा बोध मात्र अवश्य घ्यावा.

आपल्या अंगणातील विचार

वंश आणि जात या भिन्न गोष्टी आहेत. परंतु त्या मुलांच्या मनात उतरण्याची वाट एकच आहे. साताऱ्याच्या शाळेत शिकत असता भीमराव आंबेडकर यांना घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नसल्याने शिपाई हजर नसेल तर त्यांना पाणी मिळत नसे. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या शाळेत एका मुलाचा अपमान झाला आणि त्याच वेळी उरलेल्या साऱ्या वर्गाला तो अपमान स्वाभाविक आहे असा धडा मिळाला. पुढे त्याच विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या राज्यघटनेने अनुच्छेद 17 अन्वये अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद 15 अन्वये धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून राज्यसंस्थेने भेदभाव करण्यास मनाई केली.

केवळ वंशाचा प्रश्नही आपल्यापासून फार दूर नाही. बेळगावला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड व अंकोला या तालुक्यांत सिद्दी समाज पिढ्यान्पिढ्या राहत आहे. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते. 2003 साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. कुरळे केस व काळा वर्ण असलेले हे मूल कोकणी बोलत वर्गात येते तेव्हा त्याच्याकडे परका म्हणून पाहिले जाते, की गावचे मूल म्हणून, हे बव्हंशी शिक्षकाच्या पहिल्या हाकेवर अवलंबून असते. हैदराबादेत निजामाच्या आफ्रिकी घोडदळावरून नाव पडलेली वस्ती आजही आहे. बाहेर गेलेल्या ईशान्य भारतीय विद्यार्थ्यांना चेहरेपट्टीवरून सोसाव्या लागणाऱ्या त्रासाचा विचार करण्यासाठी 2014 साली केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. त्या प्रदेशाचा इतिहास व संस्कृती शालेय अभ्यासक्रमात यावी, अशी शिफारस या समितीने केली, ती याच जाणिवेने.

घरातील भाषेकडेही वळून पाहणे इष्ट ठरेल. 'उन्हात खेळू नकोस, काळी होशील' हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले जात नाही? सावळ्या विठ्ठलापुढे भक्तिभावाने हात जोडणाऱ्या कुटुंबात सून मात्र गोरी हवी असते. बोलणाऱ्यांच्या मनात वंशद्वेष नसेलही. परंतु काळा रंग म्हणजे उणेपणा, हे समीकरण त्या वाक्यातून मुलाच्या मनात बसते. आणि उद्या काळ्या वर्णाचा परका विद्यार्थी समोर आला की, तेच समीकरण द्वेषाच्या रूपाने बाहेर पडते.

शिकलेले बदलता येते

जे शिकविल्याने येते, ते योग्य शिकवणुकीने बदलताही येते. 113 अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणावरून (2011) असे दिसते की, मुलांतील पूर्वग्रह साधारणपणे पाच ते सात या वयात वाढत जातो व त्यानंतर दहाव्या वर्षापर्यंत किंचित ओसरतो. म्हणजे पहिली ते चौथीची वर्षे शिक्षकाच्या दृष्टीने मोलाची आहेत.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात 1971 साली निरनिराळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आली, तेव्हा भांडणे सुरू झाली. एलियट ॲरन्सन यांनी तेथे एक पद्धत सुरू केली. पाच-सहा मिश्र मुलांचा एक गट करावयाचा. पाठाचे तितकेच भाग पाडून प्रत्येक मुलाने एक भाग शिकावयाचा व इतरांस शिकवावयाचा. प्रत्येकाजवळील तुकडा जोडल्याशिवाय पाठ पुरा होत नसल्याने ज्याची कालपर्यंत थट्टा होई त्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणे सर्वांना भाग पडले. द्वेष कमी झाला आणि मागे पडलेल्या मुलांचा अभ्यासही सुधारला. परस्परसंपर्काविषयीच्या 515 अभ्यासांचा 2006 साली घेतलेला आढावाही हेच सांगतो की, माणसे एकत्र आल्याने पूर्वग्रह सामान्यतः घटतो; आणि समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य व अधिकाऱ्यांचा पाठिंबा या चार गोष्टी लाभल्यास तो अधिक घटतो. या पद्धतीस खर्च येत नाही. खेड्यातील एकशिक्षकी शाळेतही ती वापरता येईल.

काय करता येईल?

शिक्षक व पालक यांना पुढील गोष्टी सहज आचरणात आणता येतील :

1. मुलांना नावाने हाक मारावी. जात, गाव, भाषा वा वर्ण यांवरून हाक मारू नये व इतरांसही मारू देऊ नये.

2. बसण्याच्या जागा, पंगती, पाण्याची पाळी व खेळातील गट दर काही दिवसांनी बदलावेत, म्हणजे ठरावीक मुलांचे कोंडाळे होणार नाही.

3. इतिहास शिकविताना मलिक अंबर याचा उल्लेख केवळ निजामशाहीचा वजीर म्हणून करू नये. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा पुढे दख्खनचा कर्तबगार कारभारी झाला आणि खडकी शहर त्याने वसविले, हे मुलांना सांगावे.

4. मुलाने एखाद्याच्या रंगाविषयी प्रश्न विचारल्यास त्याला गप्प करू नये. त्वचेतील मेलॅनिन या द्रव्याच्या प्रमाणावर रंग अवलंबून असतो व उन्हापासून रक्षण हे त्याचे कार्य आहे, असे साध्या शब्दांत सांगावे. गप्प बसविलेले मूल त्या विषयात काहीतरी लाजिरवाणे आहे असे समजते.

5. वर्गात टोचून बोलणे कानावर आल्यास ते थट्टा म्हणून सोडून देऊ नये. बोलणाऱ्यास चारचौघांत अपमानित न करता, पण त्याच दिवशी, त्याची चूक समजावून द्यावी.

6. घरी नातेवाइकांच्या रंगारूपाची तुलना मुलांदेखत टाळावी.

सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी 1965 साली संमत केला आणि भारताने 1968 साली त्यास मान्यता दिली. शिक्षणाच्या द्वारे पूर्वग्रहांशी झुंज द्यावी, हे त्या कराराने राष्ट्रांवर घातलेले एक बंधन आहे. ते बंधन शासनाच्या कागदांवर असले तरी पाळले जाणार आहे ते गावोगावच्या वर्गखोल्यांत व घरांच्या ओसरीवर. तीन वर्षांचे मूल आपल्या हाती असते तेव्हा त्याच्या मनात द्वेषाचा एकही शब्द नसतो. सातव्या वर्षी ते काय बोलेल, हे त्या चार वर्षांत आपण त्याच्यासमोर कसे बोललो, कोणाच्या शेजारी बसलो आणि कोणाला घरात बोलावले, यावर ठरावयाचे आहे.